कार्सचा उपास

यंदाची महाशिवरात्र मी डब्लिनमध्ये एकटीनं केली. केली म्हणजे काय, लॅपटॉपसमोर बसून राजगिऱ्याचे लाडू खाल्ले. लॉकडाऊनमुळं घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडं जायला बंदी होती आणि इंडियन स्टोअर त्या पाचात कसंबसं बसत होतं, म्हणून लाडू तरी मिळाले. नाहीतर इथल्या सुपरमार्केटात उपासाला चालेल असं एकच, बटाटा. बटाट्याची मात्र या देशात ददात नाही.

राजगिऱ्याचा लाडू न सांडता खाणारा माणूस अजून जन्माला यायचाय. निम्मा तोंडात गेला, निम्मा स्वेटरवर. ते दाणे बोटानं टिपता टिपता मला कार्स आठवलं, आणि मग मीटिंगमध्ये कोण काय बोलतंय तिकडं माझं लक्ष राहिलं नाही.

कार्स म्हणजे तुर्कस्तानच्या पार पूर्वेचं गाव, आर्मेनियाच्या सीमेला टेकलेलं. मी तुर्कस्तानला जाऊन आले म्हटलं की आमच्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न, बलूनमध्ये बसलीस का? नाही बसले. बलून जिथं उडतात तिथून कार्स इतकं लांब की तिथल्या माणसानंही बलून फोटोतच बघितले असतील. तिथं आम्ही गेलो ते आईपायी. आई आता कोल्हापुरात आहे, खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला मास्क नीट लाव म्हणून ओरडत असते. मागच्या वर्षी याच दिवसांत ती माझ्यासोबत होती, आणि आम्ही दोघी गुडघाभर बर्फात उभ्या होतो.

आई जानेवारीत आयर्लंडला आली. सत्तरी ओलांडलेली, बाबा गेल्यापासून एकटी राहणारी, आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेली. तिची मागणी एकच होती, बर्फ बघायचा. सगळ्या गल्लीला सांगून आली होती की पोरीकडं चालले, बर्फ बघाय. आणि डब्लिनमध्ये काय, तर पाऊस. धड पाऊसही नाही, नुसतं झिमझिम झिमझिम. रोज सकाळी ती पडदा सरकवायची आणि म्हणायची, "आजबी न्हाई." म्हणताना माझ्याकडं अशी बघायची की बर्फ मीच कुठंतरी लपवून ठेवलाय. माझ्या चेरीवूडच्या ऑफिसात मी हे सांगितलं तर शेजारचा आयरिश सहकारी म्हणाला, थांब जरा, पडेल, इट्ल बी ग्रँड. ग्रँड म्हणजे झकास, इथं छप्पर उडालं तरी लोक ग्रँडच म्हणतात. आईला मी ते भाषांतर करून सांगितलं. तिनं विचारलं, शेजारणींना मी काय तोंड दाखवू, पाऊस बघायला एवढ्या लांब गेले होते म्हणून?

मग मी बर्फ शोधायला बसले. स्वित्झर्लंडचे भाव बघून खिडकी बंद केली. शोधता शोधता कार्स सापडलं. विमान, राहणं, सगळं मिळून परवडण्यासारखं. आयर्लंडचा व्हिसा असला की तुर्कस्तानचा घरबसल्या मिळत होता, आणि आईच्या व्हिसावर बाहेर जाऊन परत यायची सोय होती. टूर नाही, झेंडा धरून पुढं चालणारा गाईड नाही, आपलं आपण. मैत्रिणींनी वेड्यात काढलं. सत्तरीच्या बाईला घेऊन कडाक्याच्या थंडीत अनोळखी गावात कोण जातं? आईनं मात्र एकच विचारलं, बर्फ नक्की आहे ना, परत फसवू नकोस.

होता. विमान उतरतानाच खाली पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. विमानाच्या शिडीवरून उतरून आई जी थांबली ती थांबलीच. खाली वाकून तिनं मूठभर बर्फ उचलला, त्याचा वास घेतला, आणि चक्क चाटून बघितला. मागं माणसं खोळंबलेली. मी म्हटलं, आई, चल की. ती म्हणाली, "गप. एवढ्यासाठी आले मी." एक मिशाळ गृहस्थ मागं उभे होते, ते हसले आणि बाजूनं निघून गेले. मला लाज वाटली होती तेव्हा. आता त्या क्षणाचा फोटो का काढला नाही म्हणून हळहळ वाटते.

गाव मोठं विलक्षण. कधीकाळी रशियनांनी आखलेले सरळसोट रस्ते, काळ्या दगडाची बसकी घरं, वळचणीला हातहात लांब बर्फाच्या सुया. वर टेकडीवर किल्ला. किल्ला बघून आई म्हणाली, पन्हाळ्यापुढं काहीच नाही. बाजारात एकाला एक लागून चीज आणि मधाची दुकानं, आणि दुकानदार असे की काही घ्या न घ्या, आधी तोंडात तुकडा कोंबणार. आम्ही असे चाखत चाखतच दुपारचं जेवण उरकायचो. आईच्या पायात माझे बूट, त्यात तीन मोजे, नऊवारीऐवजी नाइलाजानं घातलेली माझी पँट आणि डोक्याला लोकरी कानटोपी. तिला आरशात बघू दिलं नाही, नाहीतर बाहेरच पडली नसती.

उतरलो होतो एका विधवा बाईंच्या घरी. खाली त्या राहायच्या, वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. आईहून दोन-चार वर्षांनी लहान असतील. रुंद चेहरा, फुलाफुलांचा रुमाल डोक्याला, आणि हात सतत कशात ना कशात. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांची पुतणी त्यांच्याकडं राहून कॉलेज करत होती, तिला येत होतं. त्या पोरीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, हिला तेयझे म्हणा. तेयझे म्हणजे आईची बहीण. म्हणजे आपली मावशी की, आई म्हणाली, आणि तिथून पुढं त्या बाई आमच्या मावशीच झाल्या.

मावशीच्या स्वयंपाकघरात लोखंडी शेगडी पेटलेली असायची. मावशीनं तिच्यात टाकायला कोपऱ्यातल्या पाटीतून काहीतरी उचललं आणि आई उडालीच. "आगं, शेणी!" खरोखर शेणीच होत्या. गाईच्या शेणाच्या, उन्हाळ्यात थापून वाळवलेल्या. आईनं हातानं थापायची खूण केली, मावशीनंही केली, आणि दोघी एकमेकींना थापण्याची आपापली पद्धत दाखवू लागल्या. मावशी भिंतीवर मारत नाही, जमिनीवर थापते, हे कळल्यावर आईनं मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं. पण तेव्हापासून त्या दोघींना माझी किंवा पुतणीची गरज उरली नाही. एक मराठीत बोलायची, दुसरी तुर्कीत, आणि तासभर चालायचं. मी मधे गेले तर आई म्हणायची, तुझं काय काम आहे इथं, जा फोन बघ.

एक दिवस गोठलेल्या तळ्यावर गेलो. त्यावर घोड्यांच्या घसरगाड्या धावतात. आई काठावर उभी. पाण्यावर गाडी जाते हे मान्य करायलाच तयार नाही. गाडीवाल्यानं पाय आपटून दाखवला, घोडा नाचवून दाखवला. शेवटी ती बसली, माझा दंड असा धरला की रात्री निळा झाला होता, आणि मधोमध पोचल्यावर मोठमोठ्यानं हसू लागली. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. मला रडू आलं. थंडीनं डोळ्यांत पाणी येतंच, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

आणि मग आली महाशिवरात्र. आई लग्नाआधीपासून हा उपास धरते. आजारपणात मोडला नाही, माझ्या वेळी पोटुशी होती तेव्हा मोडला नाही. त्यासाठी तिनं कोल्हापुराहून राजगिऱ्याचे लाडू बांधून आणले होते, आयर्लंड फिरवून ते आता कार्सला आणले होते. सकाळी उठून तिनं खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर बर्फाची टीचभर पिंड केली. बेल नव्हता, एक अक्रोड वाहिला. म्हणाली, इथं महादेवाला अभिषेक करायला नको, तोच अभिषेकात बसलाय.

खाली मावशीनं नेहमीसारखी न्याहारी मांडलेली. चार तऱ्हेचं चीज, ऑलिव्ह, अंडी, मध, पाव, मोठ्या किटलीत चहा. आई म्हणाली, तिला सांग माझा आज उपास आहे, तेवढा चहा आणि दही घेईन. पुतणी कॉलेजला गेलेली. मी फोनमधल्या भाषांतराच्या ॲपमध्ये लिहिलं की आज आईचा देवाचा उपास आहे, आणि पुढचं चहादह्याचं लिहिणार, तोवर मावशीनं ते वाचलं. तिनं छातीवर हात ठेवला. डोळे भरून आले तिचे. आणि काही कळायच्या आत तिनं आईसमोरचं सगळं उचललं. चीज उचललं, मध उचलला, चहाचा पेला आईच्या हातातून अलगद काढून घेतला, पाण्याचा ग्लाससुद्धा नेला. मला खुणेनं आत बोलावून स्वयंपाकघरात, आईच्या नजरेआड, वाढलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिच्या लेखी उपास म्हणजे रोजा. सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. आणि आमचा उपास कसा, तर एकादशी नि दुप्पट खाशी. रताळी, साबुदाणा, शेंगदाणे, दही, फळं, लाडू, दिवसभर तोंड चालू. हे आता हिला फोनमध्ये कसं टाइप करायचं? मी बाहेर येऊन आईला सांगितलं. आई बिचारी रिकाम्या टेबलासमोर बसलेली. आतल्या चहाच्या किटलीकडं बघत म्हणाली, आता काय सांगतेस, बाईच्या डोळ्यांत पाणी आलंय. राहू दे. आपण वर जाऊन खाऊ.

वर गेलो. आई पलंगावर मांडी घालून बसली, डबा काढला आणि एकामागून एक लाडू खाल्ले. थंडीनं भूकही जबर लागायची. चोरून खाल्ल्यासारखं वाटतंय म्हणाली, पण खाल्ले. मग दिवसभर आम्ही गावात भटकलो. एका ठिकाणी भाजलेले बटाटे मिळाले, एका ठिकाणी दही. आई खूष होती. कार्ससारख्या गावात यथासांग उपास घडला म्हणून.

संध्याकाळी परतलो तर खाली मोठं टेबल मांडलेलं. खजूर, मसुराचं सूप, गरम पाव, बदकाच्या मोठ्या भावासारखा दिसणारा तिथला हंस भातावर शिजवून ठेवलेला. मावशी खुर्चीत ताठ बसलेली, ओठ कोरडे पडलेले. पुतणी आली होती. ती म्हणाली, तेयझेनंही आज तुमच्या आईबरोबर रोजा धरलाय. सकाळपासून पाणीही घेतलं नाही. मी विचारलं, अगं पण का? पुतणीनं विचारलं, आणि मावशीनं दिलेलं उत्तर मला सांगितलं.

"घरात पाहुणी उपाशी असताना मी कशी जेवू?"

मी हे आईला मराठीत सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघवला नाही. पोटात लाडू, बटाटे, दही. समोर ही बाई, सकाळपासून निर्जळी. आणि आणखी एक पंचाईत होती. आईचा उपास सुटायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी. महाशिवरात्रीला रात्री मसूर, पाव म्हणजे उपास मोडलाच. पण मावशीनं खजूर हातात धरून ठेवला होता आणि ती आईकडं बघत होती. आईनं पहिला घास घेतल्याशिवाय ती घेणार नव्हती.

मी म्हटलं, आई, मी सांगते समजावून. आई म्हणाली, काही सांगू नकोस. तिनं वरच्या पिंडीच्या दिशेनं बघून नमस्कारासारखा हात कपाळाला लावला, खजूर तोंडात घातला, आणि मग ते मसुराचं सूप पावाबरोबर पहिल्यापासून शेवटपर्यंत संपवलं. हंसाला तेवढा हात लावला नाही. आयुष्यभर न मोडलेला उपास तिनं कार्समध्ये, एका तुर्की बाईसाठी, न बोलता मोडला.

वर खोलीत आल्यावर मी म्हटलं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. तिचं उत्तर मला अजून ऐकू येतं. "महादेवाचं मी बघून घेईन. पर त्या बाईचा एक उपास माझ्या डोक्यावर हाय. तो फेडल्याबिगर मला चैन पडायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी निघताना मावशीनं तिला मिठी मारली तेव्हाही आई अवघडून उभी होती. कठड्यावरची पिंड तशीच होती. ती वितळायला वसंत उजाडला असेल.

परत आलो आणि पंधरा-वीस दिवसांत सगळं बंद झालं. आईचं परतीचं विमान रद्द. व्हिसाची मुदत सरकारनं आपणहून वाढवली, त्याची काळजी मिटली, पण आई अडकली. सत्तरीच्या पुढच्यांनी घरातच राहायचं, त्याला इथं कोकूनिंग असं गोंडस नाव. आई म्हणाली, म्हणजे मी आता कोशातली अळी. मी बेडरूममधून ऑफिस करायची आणि ती हॉलमधल्या खिडकीत बसायची. बर्फ बघून झाला होता, आता तिला घर हवं होतं. तिचा आवाज कमी कमी होत गेला. स्वयंपाकघरातल्या कपाटांना इथं प्रेस म्हणतात, ती सगळी प्रेस तिनं तीन-तीनदा लावून झाली. मी काम करता करता भिंतीपलीकडून कान देऊन असायची, आणि काही ऐकू आलं नाही की जास्त घाबरायची.

अशात पुतणीचा मेसेज आला. रमजान सुरू झाला होता. मावशीचा फोटो होता, हातात गोल पाव. तिकडंही पासष्टीच्या पुढच्यांना बाहेर पडायला बंदी, त्यामुळे तीही घरात कोंडलेली. आईनं फोटो मोठा करून बघितला, पुन्हा बघितला. मग जेवताना म्हणाली, मी एक रोजा धरणार. तिच्यासाठी. पाणीसुद्धा न घेता, तिच्या पद्धतीनं.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, आई, हे आयर्लंड आहे. मे महिन्यात इथं रात्री नऊपर्यंत उजेड असतो. तुझं वय काय, तुझी बीपीची गोळी, आणि काही झालं तर या दिवसांत तुला हॉस्पिटलात न्यायचं? तुला काय सिद्ध करायचंय एवढं? खूप बोलले मी. घाबरले की मी ओरडते, ही सवय मला तिच्याकडूनच आलीय. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, सिद्ध काही करायचं नाही, फेडायचं आहे.

शेवटी मी माझ्या मैत्रिणीला फोन लावला. ती नागपूरची, ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात डॉक्टर. दमून घरी आलेली बिचारी, तिला वाटलं काही गंभीर आहे. सगळं ऐकून ती आधी हसली, मग आईशी बोलली. बीपी विचारलं, गोळी कधी घ्यायची ते सांगितलं, आणि एक शब्द मागून घेतला. चक्कर आली, छातीत धडधडलं, तर तिथल्या तिथं पाणी प्यायचं, देव काय म्हणेल ते मागून बघू. आईनं शब्द दिला. मी मात्र त्या दिवशी रजाच टाकली.

तो दिवस काही केल्या सरेना. आईनं पहाटेच्या आधी दही-भाकरी आणि गोळी घेतली होती. बाहेर असं लखलखीत ऊन पडलं होतं, जसं या देशात वर्षातून चार वेळा पडतं, आणि नेमकं आजच. दुपारी तिनं वाती वळल्या. मग शेंगा सोलत बसली आणि सवयीनं दाणा तोंडाकडं गेला, तो तिनं परत ताटलीत टाकला. चारच्या पुढं तिचं बोलणं थांबलं. ओठ पांढरे झाले. मी पाण्याचा ग्लास समोर नेऊन ठेवला, तिनं तो बोटानं बाजूला सरकवला. मी पुतणीला मेसेज केला की आईनं आज तुझ्या तेयझेसाठी रोजा धरलाय, आमच्याकडं सूर्य मावळला की फोन करतो. तिचं उत्तर आलं, सांगते तिला. मी सारखी खिडकीतून बघत होते. समोरच्या घराच्या चिमणीवरून ऊन हलायला तयार नाही. मनात त्या सूर्याला मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

अखेर मावळला. मी खजूर आणि पाणी घेऊन आईशेजारी बसले आणि व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर मावशीचं तेच टेबल. दिवा लावलेला, खिडकीबाहेर काळोख. मावशी तशीच ताठ बसलेली, समोर सूप, पाव, खजूर, सगळं झाकलेलं. मला वाटलं पहाटेची तयारी करून ठेवली असेल. कारण कार्सचा सूर्य आमच्या दुपारच्या चहाच्या वेळेलाच मावळून गेला होता. मी पुतणीला सहज विचारलं, तुमचं जेवण झालं ना? ती म्हणाली, माझं झालं. हिनं अजानच्या वेळी पाण्याचा एक घोट घेऊन रोजा सोडला, नियम म्हणून. पण जेवली नाही. डब्लिनचा सूर्य मावळू दे म्हणाली.

मी आईला सांगितलं. आई पडद्याकडं बघतच राहिली. हातातला खजूर तसाच. मावशीनं तिकडून खूण केली, घे. दोघींनी एकदम खजूर तोंडात घातला. आईनं पाणी प्यायलं, सगळा ग्लास एका दमात, आणि ग्लास खाली ठेवून म्हणाली, "हिला सांग आता. त्या दिवशी मी खाल्लं होतं."

मी म्हटलं, आई, कशाला आता? ती म्हणाली, मी फेडायला बसले आणि हिनं आणखी चढवलं. हे ओझं मला आता पेलवत नाही. सांग तिला, उपास आमचा असाच असतो, पण तिच्यापासून लपवून खाल्लं, ते चुकलं.

मी पुतणीला सांगितलं. पोरगी गोंधळली, एकदा माझ्याकडं बघितलं, मग हळूहळू तिनं ते मावशीला सांगितलं. आईनं माझा दंड धरला होता, तळ्यावर धरला होता तसा. मावशीनं ऐकलं. आणि ती हसायलाच लागली. रुमालानं डोळे पुसत पुसत ती बराच वेळ काहीतरी बोलली, मधेच हातानं काही झाडून टाकल्याची खूण केली. पुतणीही हसू लागली.

"ती म्हणते, मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही बाहेर गेल्यावर मी पलंग आवरायला वर गेले होते, चादरभर गोड दाणे सांडले होते."

मी विचारलं, मग तरी ती उपाशी का राहिली? कळल्यावर जेवायचं ना. पुतणीनं विचारलं. मावशीचं हसू थांबलं. ती माझ्याशी नाही, सरळ आईशी बोलली. आईला अक्षर कळत नव्हतं, पण ती मान हलवत होती. मग पुतणीनं सांगितलं.

"ती म्हणते, म्हातारी बाई, परका मुलुख, एवढी थंडी. भूक लागली असेल तुला. पण देवाला कबूल केलेला उपास अर्धा कसा ठेवायचा? म्हणून तुझा उरलेला मी पुरा केला."

मी ते मराठीत सांगितलं. आईनं पडद्यावर, मावशीच्या गालाच्या जागी, हात फिरवला. मावशीनं झाकणं काढली, सूपात पाव बुडवला, आणि आम्ही चौघी इकडतिकडच्या गप्पा मारत बसलो. आई चार घास जेवली. फोन ठेवल्यावर पदर तोंडाला लावून ती रडली, मोकळं रडली, मार्चपासूनचं सगळं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग नाक पुसून ती म्हणाली,

"चादर तेवढी झटकाय पाहिजे होती गं."